गोबॉट्सची खोकी: दुरुस्ती, पाट्या आणि चुका

११ जानेवारी २०२५, शनिवार

मिनियापोलिसच्या पश्चिमेला एका जुन्या घरातल्या सामानाची विक्री होती. तळघरात, नळाच्या पाइपांखाली बुटांची दोन खोकी दिसली. आत १६ नग. वरच्याच नगावर हात गेला आणि ओळख पटली: सांधे घट्ट, वजन हातभर जाणवेल असं, पोटाकडचा भाग धातूचा. टोंका या अमेरिकी कंपनीचे गोबॉट्स, म्हणजे वाहनाचे रोबो होणारी १९८०च्या दशकातली खेळणी. ६० डॉलर सांगितले, ४५ला दिले.

सांगलीत १९८६ साली मामानं अमेरिकेहून माझ्यासाठी एक लाल टर्बो आणला होता. गाडी ओढली, उलटवली की रोबो. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे तसलं काही नव्हतं. पुढे इथे नोकरीला आल्यावर कळलं की इथल्या माझ्या वयाच्या लोकांत गोबॉट म्हणजे 'ट्रान्सफॉर्मर्सची स्वस्त नक्कल'. ट्रान्सफॉर्मर्स ही हॅस्ब्रो कंपनीची तसलीच, जास्त गाजलेली खेळणी. वाढदिवसाला ट्रान्सफॉर्मर मागितला आणि आजीनं गोबॉट आणला, ही तक्रार मी तिघाचौघांकडून ऐकली आहे. मला ते तेव्हाही लागलं होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात, ३० मार्चला, छंदांचं प्रदर्शन आहे. मी एक टेबल मागून घेतलं. काम असं ठरवलं: जेवढे नग उभे राहतील तेवढे दुरुस्त करायचे, आणि प्रत्येकापुढे मराठीत पाटी, त्याचा खरा इतिहास सांगणारी. कुणाला असलंच काम करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१२ जानेवारी

मोजदाद. १४ गोबॉट्स, २ रॉक लॉर्ड्स (वाहनाऐवजी दगड होणारे रोबो). ओळखू आलेले: साय-किल (मोटरसायकल), लीडर-१ (एफ-१५ विमान), टर्बो, स्कूटर, कॉप-टर (हेलिकॉप्टर), टँक, लोको (वाफेचं इंजिन), स्पे-सी (अंतराळयान), डंपर, पंपर (आगीचा बंब), हान्स-कफ (पोलिसांची गाडी), रेस्ट-क्यू (रुग्णवाहिका), क्रॅशर (शर्यतीची गाडी), झीरो (विमान).

सई, माझी मुलगी, वय १०, नावं मोठ्यानं वाचत होती. "बाबा, रेस्ट-क्यू म्हणजे रेस्क्यू!" तिला हान्स-कफमधल्या बेड्या आणि स्पे-सीमधला 'स्पेस' आपसूक सापडला. ही सगळी नावं टोंकानं दिलेली. मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही, म्हणून पाटीवर नावाचा उच्चार आणि त्याखाली फोड, असं ठरलं.

मग भिंग घेऊन पाठी, पाय, पोटं तपासली. साच्यातच उमटवलेली बारीक अक्षरं आहेत: कुठे पोपी, कुठे बांदाई, बरोबर जपान आणि साल. टोंकाचं नाव ज्यावर असायला हवं असं मला वाटत होतं, त्या बऱ्याच नगांवर जपानी कंपनीच आधी दिसते. सगळ्यांचे फोटो काढून ठेवले. धुण्याआधी फोटो काढा. नंतर स्टिकर कुठे होता हे आठवत नाही.

१८ जानेवारी

पहिली मोठी चूक. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. इथवर बरोबर. पण घाई झाली आणि मी सहा नग एकदम टबात टाकून जेवायला गेलो. पाऊण तासानं आलो तर पंपरचे दोन्ही स्टिकर पाण्यावर तरंगत होते, आणि लोकोच्या चाकांच्या दांड्यांवर दोन दिवसांनी तांबूस गंज आला.

धातूचा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, तो तांबडा गंजत नाही, फार तर पांढरी भुकटी धरतो. पण चाकांच्या दांड्या, पिना आणि स्क्रू पोलादी असतात. पाणी आत शिरलं की तिथेच बसतं. आता पद्धत बदलली: नग बुडवायचा नाही. ओल्या ब्रशानं एकेक बाजू घासायची, फडक्यानं टिपायची, केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा दहा मिनिटं, मग पिनांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सुईच्या टोकानं. एका नगाला चाळीस मिनिटं लागतात. लोकोच्या दांड्या तेलात भिजवलेल्या कापसानं पुसून बऱ्याच उजळल्या, पण एका चाकाचा डाग राहिलाच.

पंपरचे स्टिकर कागदावर वाळवून, स्कॅन करून, व्हिनाइलच्या स्टिकर कागदावर छापून घेतले. कागद १२ डॉलर. रंग मुळापेक्षा थोडा भडक आला. पाटीवर 'स्टिकर नवा' असं स्पष्ट लिहिणार.

२५ जानेवारी

स्पे-सीचं पांढरं प्लास्टिक दुधावरच्या सायीसारखं पिवळं झालंय. उजळवायचं तर धातू आणि प्लास्टिक वेगळं करायलाच हवं. नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर दिला, आणि स्क्रूचं डोकं गोल झालं.

कारण नंतर कळलं, आणि हे सगळ्यात कामाचं आहे: नग जपानी, स्क्रूही जपानी मापाचे. त्यांची फुली अमेरिकी फुलीसारखीच दिसते, पण खाचेची घडण जराशी वेगळी. अमेरिकी टोक पूर्ण खाली बसत नाही, उसळून वर येतं आणि कडा खातं. जपानी मापाचे ड्रायव्हर मागवले, लहान तीन, १७ डॉलर. पुढचे अकरा स्क्रू लोण्यासारखे निघाले. बिघडलेला स्क्रू काढायला मात्र रबराचा तुकडा मध्ये ठेवून दाबत दाबत फिरवावा लागला. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

जिथे स्क्रू नाहीत आणि पिन ठोकून बसवली आहे, तिथे मी हात लावला नाही. पिन ठोकून काढता येते, पण परत तितकी घट्ट बसेल याची खात्री नाही.

१ फेब्रुवारी

उजळवण्यासाठी केस रंगवताना वापरतात ते १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम घेतलं, ९ डॉलर. हातमोजे आणि चष्मा आवश्यक. स्पे-सीचे सुटे प्लास्टिकचे भाग क्रीम लावून पारदर्शक कागदात गुंडाळले आणि खिडकीत ठेवले. मिनेसोटातलं फेब्रुवारीचं ऊन दिखाऊ असतं; बाहेर उणे वीस. तीन दिवस काहीच झालं नाही.

८ फेब्रुवारी

जांभळ्या अतिनील दिव्याची पट्टी आणली, २२ डॉलर, आणि प्लास्टिकच्या डब्याला आतून चिकटवली. चौदा तासांत पांढरं झालं, पण पट्ट्यापट्ट्यांत. जिथे कागदाला सुरकुती होती तिथे क्रीम साचलं आणि तेवढीच रेघ जास्त उजळ निघाली. गायीच्या अंगावरचे डाग जसे.

दुसऱ्या वेळी क्रीम पातळ करून भाग त्यात पूर्ण बुडवले, दर तासाला पालटले. सहा तासांत रंग एकसारखा झाला, जुन्या रेघा जवळजवळ मिसळल्या. धातूचा एकही भाग पेरॉक्साइडमध्ये जाऊ देऊ नका. आणि चांदीसारखा मुलामा असलेल्या तुकड्यांपासूनही लांब ठेवा. तो मुलामा म्हणजे प्लास्टिकवरचा अगदी पातळ थर. मी डंपरचा एक तुकडा स्पिरिटनं जरा जास्त घासला आणि कोपऱ्यावर खालचं राखाडी प्लास्टिक उघडं पडलं. ते आता तसंच राहणार.

१५ फेब्रुवारी

आज हातकाम बंद. सईला घेऊन माउंडला गेलो, मिनेटोंका तळ्याच्या काठचं गाव. टोंकाचा जन्म इथला. १९४६ साली माउंड मेटलक्राफ्ट या नावानं सुरू झाली, आधी बागकामाची अवजारं करायची. खेळणी पुढे वाढली आणि १९५५मध्ये नावच टोंका झालं. डकोटा भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'मोठा'. तळ्याच्या नावातही तोच. तळं गोठलेलं होतं, त्यावर मासेमारीच्या झोपड्या. कॉफीच्या दुकानात एका आजोबांशी बोलणं झालं. टोंका म्हटल्याबरोबर त्यांनी हातानं डंपर ट्रकचा आकार दाखवला, केवढा मोठा असायचा तो. गोबॉट्स म्हटल्यावर जरा थांबले आणि म्हणाले, "ते छोटे होय? ते इथले नव्हते."

माझ्या पाट्यांचं पहिलं वाक्य तिथंच सुचलं. पत्र्याचे दणकट ट्रक करणाऱ्या कंपनीनं तळहाताएवढे रोबो विकले, आणि ते तिनं घडवलेच नव्हते.

१६ फेब्रुवारी

पाट्यांचा मजकूर. जे खात्रीचं आहे तेवढंच घेतलं.

पोपी ही बांदाईची उपकंपनी, १९७१ची. १९७४मध्ये माझिंगर झेड या कार्टूनमधल्या रोबोच्या धातूच्या बाहुल्यांनी तिनं जपानमध्ये नाव कमावलं. त्या बाहुल्यांच्या मालिकेचं नाव चोगोकिन. जड धातू, घट्ट सांधे हा तिचा हातखंडा. १९८२मध्ये तिनं मशीन रोबो काढले. लहान आकार, किंमत ६०० येन, म्हणून ६०० मालिका. क्रमांक एक म्हणजे बाइक रोबो. तोच अमेरिकेत साय-किल झाला. १९८३मध्ये पोपी बांदाईत विलीन झाली. त्यामुळेच माझ्या खोक्यात काही नगांवर पोपी आणि काहींवर बांदाई.

जपानमध्ये हे रोबो सुरुवातीला कथेविना विकले गेले. पोराच्या खिशातला पैसा आणि खिशात मावणारं यंत्र, एवढंच. टोंकानं परवाना घेतला, गोबॉट्स हे नाव दिलं, आणि चांगले म्हणजे गार्डियन्स आणि वाईट म्हणजे रेनेगेड्स अशी वाटणी केली. विमान लीडर-१ झालं, मोटरसायकल साय-किल झाली. हाच नग ब्रिटनमध्ये रोबो मशीन म्हणून आणि ऑस्ट्रेलियात मशीन मेन म्हणून गेला. एकच साचा, चार नावं.

कथा नंतर आली. हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीनं काढलेली मालिका २९ ऑक्टोबर १९८४ला पाच भागांनी सुरू झाली, १९८५पासून रोज लागू लागली, एकूण ६५ भाग. त्यात गोबॉट्स हे गोबोट्रॉन ग्रहावरचे एकेकाळचे सजीव. युद्धातून वाचवण्यासाठी शेवटच्या अभियंत्यानं त्यांचे मेंदू यंत्रांत बसवले. मला ही कल्पना आजही फार करुण वाटते. खेळण्याच्या खोक्यावर मात्र तिचा मागमूस नव्हता, आणि मुलाच्या हातात आधी खोकं येतं.

२२ फेब्रुवारी

कॉप-टरच्या पंख्याचं एक पातं मोडलेलं आहे. उरलेल्या पात्याचं माप घेऊन संगणकावर आकृती काढली. ग्रंथालयात त्रिमितीय छपाई फुकट होते. तिथलं पातं जाड आणि खरखरीत निघालं, बसलंच नाही. बाहेरून रेझिनमध्ये छापून घेतलं, १४ डॉलर, दिसायला उत्तम. रोबो करायला वळवलं आणि कट्कन तुटलं.

१ मार्च

शेवटी एक मिलिमीटर जाडीचा स्टायरीनचा पत्रा आणला, ८ डॉलर, चांगल्या पात्यावर ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढली, कटरनं कापून कानशीनं घासलं. वीस मिनिटं. लवचीक आहे, वाकतं, तुटत नाही. दोन आठवडे संगणकापुढे गेले ते वाचले असते. सपाट तुकडा असेल तर आधी पत्रा कापून पाहा.

ढिले सांधे. स्कूटर उभी राहत नव्हती. सांध्याच्या गोळ्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन तो वाळेपर्यंत हलवत राहायचं, म्हणजे गोळा किंचित जाड होतो आणि घट्ट बसतो, असं ऐकलं होतं. मी केलं, फोन वाजला, हलवणं थांबलं. स्कूटरचा हात चिकटला. नखांचा रंग काढायचं द्रव लावता आलं नाही, कारण ते प्लास्टिकच खातं. गरम पाण्याच्या वाफेवर धरून, हलका जोर देत, तासाभरानं सुटला. आता मी गोंदाऐवजी नखांचा पारदर्शक रंग वापरतो, सांधा उघडून, पूर्ण वाळवून, मगच जोडतो. जे सांधे उलट फार घट्ट आहेत त्यांना सिलिकॉनचं ग्रीस, ७ डॉलर.

८ मार्च

पाट्या छापून आल्या, १८ डॉलर, आणि पहिल्याच वाचनात चूक. तीही माझ्या प्रेमापोटी झालेली.

मी लिहिलं होतं: 'ट्रान्सफॉर्मर्सच्या आधी सगळं गोबॉट्सनी केलं.' मंडळातल्या एका काकूंनी मजकूर तपासून दिला. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "सगळं म्हणजे काय काय, एकेक सांग बघू." सांगायला लागलो आणि अडकलो.

खेळणी म्हणून टोंकाचे नग अमेरिकेत आधी आले, हे खरं. पण ट्रान्सफॉर्मर्सची मालिका १७ सप्टेंबर १९८४ला लागली, म्हणजे गोबॉट्सच्या मालिकेच्या सहा आठवडे आधी. चित्रपटात पुन्हा गोबॉट्स पुढे: रॉक लॉर्ड्सबरोबरच्या लढाईचा चित्रपट २१ मार्च १९८६ला आला, ट्रान्सफॉर्मर्सचा ऑगस्टमध्ये. आणि मुळात हॅस्ब्रोनंही ट्रान्सफॉर्मर्स स्वतः घडवले नव्हतेच. तेही जपानी, ताकाराच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांतले. डायाक्लोन तर १९८०ची.

म्हणजे नक्कल कुणीच कुणाची केली नाही. दोन अमेरिकी कंपन्यांनी दोन जपानी कंपन्यांचा तयार माल उचलला आणि वर आपापली गोष्ट घातली. हॅस्ब्रोची गोष्ट खोक्यावरच होती: प्रत्येक रोबोचा स्वभाव, त्याची ताकद आकड्यांत, त्याचं बोलणं. टोंकानं नावं दिली, स्वभाव दिला नाही. मुलांनी कुठला रोबो निवडला हे त्यात ठरलं, असं माझं ठाम मत आहे. धातू आणि सांध्यांत त्या किमतीला गोबॉट कमी नव्हता. माझ्या टेबलावर चाळीस वर्षांनंतर उभे आहेत.

आणखी एक चूक: काही पाट्यांवर 'अमेरिकेत १९८२' असं लिहिलं होतं, कारण नगावर तेच साल कोरलेलं आहे. साच्यावरचं साल साच्याचं असतं, विक्रीचं नव्हे. अमेरिकेतली विक्री १९८३ ते १९८७. जुन्या खेळण्यांवर काम करणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं. मी तेच साल डोळे झाकून उतरवलं आणि १८ डॉलर पुन्हा भरले.

१५ मार्च

रॉक लॉर्ड्स. १९८६चे. वाहन नाही, दगड होतात. एक बोल्डर, एक मॅगमार. जपानमध्ये त्यांना 'खडकाचे महामानव' अशा अर्थाचं नाव होतं. मोठ्यांना हे नेहमी हास्यास्पद वाटतं. सईनं मॅगमार उघडला, मिटला, मग बैठकीच्या खोलीतल्या कुंडीत मातीवर ठेवला आणि मला शोधायला सांगितलं. मला तो खरंच पटकन दिसला नाही. लपायला दगडापेक्षा चांगलं काय असणार? पाटीवर तेच लिहिलं: 'कुंडीत ठेवून पाहा.'

यांना साफ करायला सगळ्यात कमी वेळ लागला. बोल्डरच्या एका बिजागरीत वाळू होती. कुणीतरी खरोखर बाहेर खेळलं होतं त्याच्याशी.

२३ मार्च

शेवटची पाटी लिहिताना त्रास झाला. १९८७मध्ये गोबॉट्स थांबले. त्याच वर्षी टोंकानं केनर पार्कर ही कंपनी विकत घेतली. १९९१मध्ये हॅस्ब्रोनं टोंका घेतली. म्हणजे लीडर-१ आणि साय-किल ही नावं ज्याच्याशी स्पर्धा होती त्याच्याच घरात गेली. साचे मात्र बांदाईकडे. पुढे हॅस्ब्रोनं गोबॉट हे नाव स्वतःच्या काही लहान खेळण्यांना वापरलंही, पण ती ही नव्हेत. नाव एकीकडे, अंग दुसरीकडे. गोबोट्रॉनच्या गोष्टीत मेंदू एका शरीरातून दुसऱ्यात गेले होते. इथे तेच उलटं झालं. हे वाक्य पाटीवर ठेवायचं की नाही यावर बराच वेळ गेला. ठेवलं.

३० मार्च, पाडवा

सकाळी घरी गुढी, दुपारी टेबल. १६पैकी १५ उभे. झीरोच्या एका पायाची पिन ऐनवेळी निखळली, म्हणून तो विमान म्हणूनच ठेवला.

मुलांनी हात लावायचे चार नग वेगळे ठेवले होते: टर्बो, टँक, डंपर, बोल्डर. चार तासांत टँकचा एक स्टिकर गेला, बाकी काही नाही. एका बाबांनी पाटी पूर्ण वाचली, मग लीडर-१ उचलला आणि म्हणाले, "अरे, माझ्याकडे हाच होता. मी तो टाकून दिला होता, नकली म्हणून." बराच वेळ विमानाचा रोबो, रोबोचं विमान करत होते. त्यांच्या मुलानं दोनदा हाक मारली.

हिशेब: खोकी ४५, ड्रायव्हर १७, क्रीम ९, दिवा २२, ग्रीस ७, स्टायरीन ८, रेझिनचं पातं १४, पाट्या दोनदा मिळून ३६, स्टिकर कागद १२. एकूण १७० डॉलर. त्यातले ४४ माझ्या चुकांचे. वेळ साधारण सत्तर तास.

राहिलेलं काम: झीरोची पिन, टँकचा स्टिकर. आणि सांगलीला फोन केला तेव्हा आई म्हणाली, "तुझी ती लाल गाडी माळ्यावरच्या पेटीत आहे, एक पाय नाहीये तिचा." डिसेंबरमध्ये जाणार आहे. या टर्बोच्या पायाचं माप घेऊन ठेवलंय, आणि जपानी ड्रायव्हर सामानात टाकायचा आहे.